फॉरवर्डची ट्रेड किंमत आणि पुढची झेप: वादात उतरण्याआधी हिशेब असा मांडा

मार्च उजाडला की एनएचएलची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगची, ट्रेड डेडलाइन (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख) तोंडावर येते. मग टोरांटो-मिसिसागाकडच्या मराठी घरांत, ज्यांचं अर्धं आयुष्य क्रिकेटवर गेलं तेही एखाद्या विंगरसाठी दोन फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीतली पाळी) मागायला लागतात. मागायला माझी हरकत नाही. पण ‘त्याने ८० पॉइंट केलेत, म्हणजे एवढं तर यायलाच हवं’ असं कोणी म्हणालं की मी चहा टाकायला उठतो. पॉइंट (गोल आणि असिस्टची बेरीज) हा हिशेबाचा शेवटचा आकडा नाही, पहिलाही नाही.

आइस हॉकीचे नियम, लाइन म्हणजे काय, पॉवर प्ले म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

१. आधी करार वाचा

खेळाडूचं नाव बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा: वार्षिक कॅप हिट (संघाच्या एकूण पगारमर्यादेत, म्हणजे कॅपमध्ये, त्याच्या नावे धरली जाणारी रक्कम), उरलेली वर्षं आणि नो-मूव्ह किंवा नो-ट्रेडचं कलम (खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला हलवता येत नाही असं).

कलमाची ताकद पाहायची असेल तर मिच मार्नर पाहा. २०२४-२५ मध्ये १०२ पॉइंट. १ जुलै २०२५ च्या तोंडावर त्याच्या बदल्यात टोरांटोला मिळाला एकटा निकोलस रॉय, एक साधा उपयुक्त सेंटर. ‘लुटलं हो आपल्याला!’ असा आक्रोश तेव्हा बराच ऐकला. लुटलं वगैरे काही नाही. मार्नरचा करार संपत होता, हातात नो-मूव्ह होतं आणि दुसऱ्या दिवशी तो फुकट जाऊ शकत होता. वेगासला हवा होता तो आठ वर्षांचा करार. त्या वेळच्या नियमांनुसार आठवं वर्ष फक्त खेळाडूचा स्वतःचा संघ देऊ शकत असे, बाहेरच्याला सातच. रॉय ही त्या आठव्या वर्षाची किंमत होती. मार्नरची नव्हे.

कॅप हिट नेहमी कॅपच्या टक्क्यांत मोजा. २०२४-२५ मध्ये कॅप ८ कोटी ८० लाख डॉलर होती, २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाखांवर गेली. ८० लाखांचा खेळाडू एका उन्हाळ्यात ९.१ टक्क्यांवरून ८.४ वर आला. त्याने काहीच केलं नाही, तरी तो स्वस्त झाला. पाच वर्षांपूर्वीच्या कराराशी आजचा करार डॉलरमध्ये ताडून पाहणाऱ्याशी वाद घालू नका. त्यात वेळ जातो.

पगार अडवून ठेवण्याची सोयही लक्षात घ्या. विकणारा संघ कॅप हिटचा निम्म्यापर्यंत भार स्वतःकडे ठेवू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये मिक्को रांटानेन कोलोराडोहून कॅरोलायनाला गेला, तेव्हा मध्ये तिसरा संघ होता शिकागो. तो शिकागोकडून एक शिफ्टही खेळला नाही, पण त्याच्या ९२.५ लाखांच्या कॅप हिटचा अर्धा भार त्यांनी उचलला.

२. वय आणि हक्क

एका ओळीचं काम. सर्वसाधारणपणे २७ वर्षं पूर्ण किंवा सात मोसम झाले की खेळाडू मोकळा होतो. त्याआधी त्याचे हक्क संघाकडे असतात, आणि ट्रेडमध्ये विकत घेतले जातात ते हेच हक्क.

३. पॉइंटांची फोड करा

वाद इथे हरले जातात. मलाही हाच टप्पा सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण प्रत्येक नियमाला एक सणसणीत अपवाद आहे आणि समोरचा नेमका तोच फेकून मारतो. म्हणून सावकाश चला.

पहिला प्रश्न: गोल आले ते शॉट वाढले म्हणून, की नेम लागला म्हणून? फॉरवर्डचे साधारण १० ते १२ टक्के शॉट गोलमध्ये जातात. ओव्हेच्किनने एप्रिल २०२५ मध्ये ८९५ वा गोल करून ग्रेट्झकीला मागे टाकलं, त्याचीही कारकिर्दीची टक्केवारी १३ च्या आसपासच आहे. त्याने डोंगर रचला तो शॉटच्या संख्येवर. आता विल्यम कार्लसन घ्या. २०१६-१७ मध्ये कोलंबसकडून ६ गोल. पुढच्या मोसमात वेगासकडून ४३! शॉट १८४, म्हणजे २३.४ टक्के. त्या उन्हाळ्यात लोक त्याला चाळीस गोलांचा खेळाडू म्हणून तोलत होते. १८४ शॉटना उदार मनाने १३ टक्के लावून पाहा: २४ गोल. २०१८-१९ मध्ये त्याने २४ च केले. (आकडा तंतोतंत जुळला हा योगायोग, शॉटही थोडे कमी होते. पण दिशा योगायोगाची नव्हती.)

उलटी बाजू जास्त फायद्याची असते, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. टेलर हॉल २०१८ चा हार्ट ट्रॉफी विजेता, म्हणजे लीगमधला सर्वांत मौल्यवान खेळाडू. २०२०-२१ मध्ये बफेलोकडून ३७ सामन्यांत त्याचे गोल किती? दोन. सगळ्यांनी ‘संपला’ म्हणून टाकलं. एप्रिल २०२१ मध्ये बॉस्टनने आंडर्स ब्यॉर्क आणि एक सेकंड राउंड पिक देऊन हॉलला घेतलं, सोबत कर्टिस लेझर, आणि हॉलचा निम्मा पगार बफेलोच्याच माथी. बॉस्टनकडून १६ सामन्यांत ८ गोल. दोन महिन्यांत माणूस नेम धरायला शिकला नाही. शॉट तो आधीही मारतच होता.

आता सावध व्हा. एवढं वाचून ‘टक्केवारी जास्त म्हणजे नशीब, उद्या खाली येणार’ असं सरसकट म्हणणारा एक नवा वर्ग तयार झाला आहे, आणि तो जुन्या वर्गापेक्षा जास्त डोकं उठवतो. सॅम राइनहार्टने २०२३-२४ मध्ये ५७ गोल केले, टक्केवारी २४.५. या मंडळींच्या सूत्राने ११ टक्के लावले तर पुढच्या मोसमात २५-२६ यायला हवे होते. आले ३९. का? कारण त्याच्या आधीच्या दोन मोसमांत ३३ आणि ३१ गोल होते आणि तो शॉट कुठून मारतो ते पाहिलं तर उत्तर डोळ्यांसमोर आहे: गोलकीपरच्या पुढ्यातून. दुरून येणाऱ्या पकला स्टिकचा हलका स्पर्श, जवळून झटपट फटका. असा खेळाडू लीगच्या सरासरीवर कधीच येत नाही, तो स्वतःच्या सरासरीवर येतो. नियम म्हणून इतकंच धरा: खेळाडूचे मागचे तीन मोसम एकत्र करा, त्या टक्केवारीने चालू मोसमाचे शॉट गुणा, आणि मग तो उभा कुठे राहतो ते व्हिडिओत पाहा. कार्लसनकडे असा मागचा आधार नव्हता, राइनहार्टकडे होता.

दुसरा प्रश्न: पॉवर प्लेचे पॉइंट किती? राइनहार्टच्या ५७ पैकी २७ गोल पॉवर प्लेवर आले. ते खोटे नाहीत, पण ते सोबत नेता येतील याची हमी नाही. नव्या संघात पहिल्या पॉवर प्ले फळीत पाचच जागा, आणि त्याची लाडकी जागा कदाचित दुसऱ्याच कोणाच्या नावावर असेल. म्हणून पाच विरुद्ध पाचमधले पॉइंट वेगळे काढा आणि ते खेळलेल्या ६० मिनिटांमागे मोजा. १२ मिनिटं मिळणारा आणि २० मिनिटं मिळणारा यांचे एकूण पॉइंट शेजारी ठेवून निकाल देणाऱ्याला वाद नको, घड्याळ द्या.

तिसरा प्रश्न सगळ्यात किचकट: यात सोबत्यांचा वाटा किती? एका गोलला जास्तीत जास्त दोन असिस्ट मिळतात. पहिला असिस्ट बहुतेक वेळा कमावलेला असतो. दुसरा कधी अफलातून असतो, तर कधी स्वतःच्या हद्दीतला एक साधा पास, ज्यानंतर बाकीच्यांनी सगळं केलं. असिस्टचा ढीग दिसला की ही फोड केल्याशिवाय पुढे जाऊ नका. जोनाथन ह्युबर्डोने २०२१-२२ मध्ये फ्लोरिडाकडून ११५ पॉइंट केले. त्यात ८५ असिस्ट, एका मोसमात कोणत्याही लेफ्ट विंगरने केलेले सर्वाधिक. त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त गोल करणारा संघही फ्लोरिडाच होता. जुलै २०२२ मध्ये कॅलगरीच्या मॅथ्यू तकाचकसाठी ह्युबर्डो, मॅकेन्झी वीगर, कोल श्विंट आणि एक फर्स्ट राउंड पिक असा सौदा झाला. तेव्हा किती जणांनी ‘कॅलगरीने बाजी मारली’ म्हटलं ते आठवतं. कॅलगरीने ह्युबर्डोला आठ वर्षांचे ८ कोटी ४० लाख डॉलर दिले. पहिल्या मोसमात तो आला ५५ पॉइंटवर. तकाचकने फ्लोरिडात १०९ केले, मग २०२४ आणि २०२५ चे दोन स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं.

ह्युबर्डो वाईट खेळाडू होता का? नाही. त्याची दृष्टी वेगवान संघात, धावत्या सोबत्यांसाठी पास काढण्यात होती. कॅलगरीचा खेळ वेगळा होता. तकाचक स्वतःच गोलपुढची जागा कमावतो, भांडतो, पक परत मिळवतो, आणि हे सगळं विमानात बसून सोबत येतं. सोबत्यांचा प्रश्न मी म्हणून असा विचारतो: पक मिळाल्यावर तो काय करतो हे ठीक, पण पक मिळवतो कोण? उत्तर ‘दुसरा कोणीतरी’ असेल तर किंमत कापा. किती कापायची? माझा अंदाज पाचव्या हिश्शाचा असतो. ते सूत्र नाही, अनुभवाने आलेली सवय आहे.

४. झेप किती बाकी आहे?

‘फर्स्ट ओव्हरऑल होता हो तो!’ हे वाक्य ड्राफ्टनंतर तीन वर्षांनी बाद समजा. नेल याकुपोव्ह २०१२ चा पहिला पिक. ऑक्टोबर २०१६ मध्ये एडमंटनला त्याच्या बदल्यात एक किरकोळ प्रॉस्पेक्ट आणि अटींचा थर्ड राउंड पिक मिळाला.

ड्राफ्टच्या जागेऐवजी त्याला संधी काय मिळाली ते पाहा. डिलन हॉलोवे एडमंटनला खालच्या लाइनवर अडकलेला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सेंट लुईसने ऑफर शीट (हक्क दुसऱ्या संघाकडे असलेल्या खेळाडूला थेट कराराचा प्रस्ताव) दिली, एडमंटनने ती जुळवली नाही, आणि नुकसानभरपाई मिळाली थर्ड राउंड पिकची. त्याच मोसमात हॉलोवेने ६३ पॉइंट केले. याकुपोव्ह आणि हॉलोवे, दोघांची किंमत कागदावर जवळपास सारखी. फरक हा की पहिल्याला एडमंटनने भरपूर संधी दिली होती, दुसऱ्याला नाही. संधी मिळूनही न वाढलेला आणि संधीच न मिळालेला, हे दोन वेगळे खेळाडू आहेत.

आणि एका चांगल्या मोसमावर झेप ठरवू नका. अलेक्सिस लाफ्रेनिएर, २०२० चा पहिला पिक: ३९ पॉइंट, मग ५७, मग सात वर्षांचा, वर्षाला ७४.५ लाखांचा करार, आणि त्याच मोसमात ४५. कोणत्या वर्षी भांडता यावर तो तारा किंवा फसवणूक ठरतो. मी त्याला मधल्या आकड्यावरच धरतो. फॉरवर्ड गोलांच्या बाबतीत विशीच्या मध्यावर शिखर गाठतो. तिशीनंतर नवी झेप विकत घेणारा फक्त आठवण विकत घेतो.

५. सेंटर की विंगर

तेवढेच पॉइंट असतील तर सेंटर महाग. पुढे चला.

६. गिऱ्हाईक नावानिशी सांगा

‘याला दोन फर्स्ट मिळतील.’ कोणाकडून? संघाचं नाव, त्यांची कॅपमधली जागा आणि त्यांची गरज सांगता येत नसेल तर तो आकडा हवेतला. २०१६ मध्ये एडमंटनने हॉल देऊन ॲडम लार्सन घेतला, एकास एक, तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. हॉल जास्त चांगला खेळाडू होता यात मला शंका नाही. पण एडमंटनकडे फॉरवर्ड ढीगभर आणि उजव्या हाताचे बचावपटू जवळजवळ नव्हतेच. पुढच्याच वर्षी ते २००६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेले.

एकाच माणसाची किंमत गिऱ्हाइकागणिक कशी हलते ते पिएर-लुक द्युब्वा दाखवतो. जानेवारी २०२१: कोलंबसला त्याच्यासाठी पॅट्रिक लाइने आणि जॅक रॉस्लोविक. जून २०२३: विनिपेगला तीन खेळाडू आणि एक सेकंड राउंड पिक. लॉस एंजेलिसने त्याला वर्षाला ८५ लाखांचा आठ वर्षांचा करार दिला, त्याने ४० पॉइंट केले, आणि जून २०२४ मध्ये त्याच्या बदल्यात मिळाला एकच गोलकीपर, डार्सी केम्पर. मग वॉशिंग्टनला ६६ पॉइंट, तोवरची त्याची सर्वोत्तम कामगिरी. केम्परही लॉस एंजेलिसला व्हेझिना ट्रॉफीच्या, म्हणजे सर्वोत्तम गोलकीपरच्या बक्षिसाच्या, अंतिम तिघांत पोचला. त्या दिवशी ज्यांनी यात एकाला मूर्ख ठरवलं, त्यांनी दोन्ही संघांच्या गरजा पाहिल्याच नव्हत्या.

७. मत प्रस्तावाच्या रूपात मांडा

‘तो ओव्हररेटेड आहे’ हे मत नाही, हातवारे आहेत. मत असं लिहा: अमुक संघ, अमुक पिक, अमुक खेळाडू, एवढा पगार अडवलेला. मग बाजू बदला आणि समोरच्या संघाचे मॅनेजर म्हणून तोच प्रस्ताव वाचा. दोन्ही खुर्च्यांवर बसून थोडं दुखत असेल तर आकडा जवळपास बरोबर आहे. एका खुर्चीत गुदगुल्या होत असतील तर तुम्ही त्या संघाचे चाहते आहात, परत तिसऱ्या पायरीवर जा.

तारीखही लिहा. डेडलाइनच्या आठवड्यात अनुभवी खेळाडूला जो भाव येतो तो जूनमध्ये येत नाही. एप्रिल २०१३ च्या डेडलाइनला वॉशिंग्टनने ३१ वर्षांच्या मार्टिन एराटसाठी आणि मायकल लाट्टासाठी १८ वर्षांचा फिलिप फोर्सबर्ग देऊन टाकला. फोर्सबर्ग पुढे नॅशव्हिलच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा ठरला. जूनमध्ये शांत डोक्याने बसून हा सौदा कोणी केला असता असं मला वाटत नाही.