नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर पदवी: एम.एड. की एम.ए.?

शाळेत शिकवत असाल तर प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी पुढे कोणते पद हवे ते ठरवा. 'पीजी' म्हणजे पदव्युत्तर पदवी, ती कोणतीही असली तरी एकच असे समजून पैसे भरले जातात आणि दोन वर्षांनी कळते की मिळालेली पदवी त्या पदाला चालत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे असेल तर त्या विषयातली किमान ५० टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. मराठी किंवा रसायनशास्त्र शिकवायला एम.एड.चा तिथे उपयोग नाही. बी.एड. महाविद्यालयात अध्यापक व्हायचे असेल तर एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची, २०१४ ची नियमावली पाहा. अध्यापनपद्धती शिकवणाऱ्या पदांना विषयातली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. अशा दोन्ही लागतात, दोन्हींत ५५ टक्के. शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र शिकवणाऱ्या पदांना एम.ए. शिक्षणशास्त्र आणि बी.एड. ही जोडीही चालते, तीही प्रत्येकी ५५ टक्क्यांची. शिवाय 'शिक्षणशास्त्र' विषयातली नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्यावी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.

एम.एड.ची खरी अडचण हजेरी. २०१४ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वर्षाला २०० कामाचे दिवस, वर्गात ८० टक्के आणि क्षेत्रकार्यात ९० टक्के उपस्थिती. एक वर्षाच्या एम.एड.चा मसुदा २०२५ मध्ये आला, म्हणून चालू वर्षाची माहितीपुस्तिकाच प्रमाण माना. हजेरी 'सांभाळून घेऊ' म्हणणाऱ्या महाविद्यालयापासून लांब राहा: शाळेचे हजेरीपत्रक आणि महाविद्यालयाचे हजेरीपत्रक यांत एकाच वेळी सही सापडली, तर पदवी आणि नोकरी दोन्ही अडचणीत येतात. अध्ययन रजा मंजूर होणार असेल तरच एम.एड.; महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी कक्षाची एमएएच-एम.एड. सीईटी ही प्रवेश परीक्षा असते.

रजा नसेल तर दूरशिक्षणाने एम.ए. शिक्षणशास्त्र. इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे परिचित पर्याय. त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण मंडळाची मान्यता आहे का, हे मंडळाच्याच संकेतस्थळावर तपासा. प्रवेश केंद्रचालकाच्या शब्दावर विसंबू नका.

अर्जाच्या आधी पूर्वपरवानगी. जिल्हा परिषद शिक्षकाचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जातो, खाजगी शाळेत संस्थेकडे. आवक क्रमांकाची पोच जपून ठेवा. ही परवानगी नसली की पदवीची सेवापुस्तकात नोंद करताना हरकत निघते. निवडश्रेणीसाठी, म्हणजे दीर्घ सेवेनंतरच्या वरच्या वेतनश्रेणीसाठी, पदवी घेत असाल तर एम.ए. शिक्षणशास्त्र चालते का, हे आधीच लेखी विचारून घ्या. तोंडी 'चालतं हो' हे कार्यालयीन उत्तर नव्हे.

वेळेचा हिशेब असा: इग्नूत एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वर्षाला ३२ श्रेयांक घेतले तर ९६० तास, म्हणजे आठवड्याला साधारण १८. पूर्ण वेळ शाळा करून हे बहुतेकांना झेपत नाही. कमाल मुदत जास्त असते, तिचा उपयोग करा. स्वाध्याय मुदतीनंतर दिले तर त्या सत्राचा निकाल अडकतो. अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र असे सगळेच येते. भाषेचे शिक्षक संख्याशास्त्रात अडतात, विज्ञानाचे तत्त्वज्ञानाच्या दीर्घोत्तरांत. आपला कच्चा पेपर पहिल्याच वर्षी घ्या.

सर्वाधिक गाडी अडते ती लघुशोधप्रबंधावर, म्हणजे स्वतः केलेल्या छोट्या संशोधनाच्या लेखी अहवालावर. 'माध्यमिक विद्यार्थ्यांच्या वाचनसवयींचा अभ्यास' हा विषय कधी संपत नाही. 'सहावीच्या विद्यार्थ्यांच्या अपूर्णांकांच्या शाब्दिक उदाहरणांतील चुका' हा आपल्या शाळेत होतो. नवी अध्यापनपद्धत तपासायची असेल तर दोन तुकड्या घ्या, प्रत्येकी ३० च्या आसपास मुले असली की टी-चाचणीला (दोन गटांच्या सरासरीतला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) आधार मिळतो. दोन्ही तुकड्यांची पूर्वचाचणी घ्या, नाहीतर हुशार तुकडीचे श्रेय पद्धतीला जाते. प्रश्नपत्रिका आधी दुसऱ्या शाळेतल्या २०–२५ मुलांवर वापरून बघा. तुमच्याच मुलांवर वापरली तर त्यांना प्रश्न ओळखीचे होतात आणि गुण फुगतात.

पूर्वचाचणी जुलैअखेर, नव्या पद्धतीच्या १५ तासिका ऑगस्ट–सप्टेंबरात, उत्तरचाचणी प्रथम सत्र परीक्षेच्या आधी. गणपतीच्या सुट्ट्या आधीच वजा करा. जानेवारीनंतर सुरुवात केलीत तर स्नेहसंमेलन, दहावीची तोंडी परीक्षा आणि पर्यवेक्षण यांतून सलग तासिका मिळत नाहीत. मुख्याध्यापकांचे परवानगीपत्र आणि पालकांची संमती परिशिष्टात लावा.

जुन्या प्रबंधातला 'संबंधित साहित्याचा आढावा' जसाच्या तसा उतरवण्याची रीत सोडा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे. ४० ते ६० टक्क्यांत सापडलात तर प्रबंध पुन्हा सादर करायलाच वर्षभर बंदी येऊ शकते.