शेअरपॉइंटचा जुना वर्कफ्लो पॉवर ऑटोमेटमध्ये नेताना

शेअरपॉइंट म्हणजे ऑफिसच्या फायली आणि याद्या ठेवायची मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन जागा. तिथले शेअरपॉइंट २०१३चे वर्कफ्लो, म्हणजे मंजुरीसारखी कामं टप्प्याटप्प्याने आपोआप पुढे नेणारी व्यवस्था, कायमची बंद करायला मायक्रोसॉफ्टने २ एप्रिल २०२६ ही तारीख दिली आणि आमच्या चाकणच्या कारखान्यातलं खरेदी-मंजुरीचं जुनं प्रकरण माझ्या टेबलावर आलं. पर्याय म्हणजे पॉवर ऑटोमेट, मायक्रोसॉफ्टचंच नवं साधन. त्यात बनवलेल्या अशा आपोआप चालणाऱ्या कामाला 'फ्लो' म्हणतात. पायरीला पायरी जुळवली की झालं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. जुन्यात आयत्या मिळणाऱ्या काही गोष्टी नव्यात नाहीतच.

जुना वर्कफ्लो शेअरपॉइंट डिझायनरमध्ये (तो ज्यात बनवला त्या प्रोग्राममध्ये) उघडून आधी एवढंच हुडका: तो कुठे वाट बघत थांबतो, मागच्या टप्प्यावर कुठे परततो आणि कुणाच्या अधिकाराने काम करतो. मेल पाठवणं, कॉलम भरणं वगैरे सहज जमतं, त्याची काळजी नको.

सगळ्यात जास्त त्रास थांबण्याचा. पॉवर ऑटोमेटचा एक रन, म्हणजे फ्लो एकदा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, पुढे टाइमआउट. आमच्याकडे नव्या डायची मागणी आली की कोटेशन, सुधारित ड्रॉइंग, पुन्हा कोटेशन यात दीड महिना कुठेच गेला नाही. त्यात आषाढात साहेब वारीला गेले असतील तर विचारूच नका. काही जण 'डू अंटिल' (अट पूर्ण होईपर्यंत तीच कामं पुन्हा पुन्हा करणारी पायरी) लावून वाट बघायला सांगतात, पण मुळातली सेटिंग तशीच राहिली तर ते ६० फेऱ्यांत किंवा तासाभरात आटोपतं.

म्हणून वाट बघायचं काम फ्लोला देऊच नका, मागण्या ज्या शेअरपॉइंटच्या यादीत नोंदवल्या जातात तिला द्या. यादीत 'सद्यस्थिती' आणि 'निर्णय' असे दोन चॉइस कॉलम (ठरलेल्या पर्यायांतून निवडायचे रकाने) करा. पहिला फ्लो: नवी मागणी आली की सद्यस्थिती 'विभागप्रमुखांकडे' करतो, मेल धाडतो आणि संपतो. दुसरा: आयटम (यादीतली एक नोंद, म्हणजे एक मागणी) बदलला की निर्णय वाचतो, पुढची सद्यस्थिती लावतो, निर्णयाचा कॉलम रिकामा करतो आणि संपतो. तिसरा रोज सकाळी अडकलेल्या मागण्या शोधून आठवण करतो. स्टोअर्सने शंका काढली तर सद्यस्थिती पुन्हा 'विभागप्रमुखांकडे' केली की काम झालं. मागे जायला वेगळी युक्ती लागत नाही.

दुसऱ्या फ्लोत एक मेख आहे. तो स्वतःच आयटम बदलतो, त्यामुळे स्वतःलाच पुन्हा सुरू करतो. ट्रिगरच्या (फ्लो कशामुळे सुरू होतो त्या पायरीच्या) सेटिंगमध्ये 'निर्णय रिकामा नसेल तरच' अशी अट घाला, मग कॉलम पुसल्यावर तो उठत नाही. यादीची व्हर्जन हिस्टरी (प्रत्येक बदलाची नोंद) मात्र चालू हवीच. कोणी, कधी मंजूर केलं याचा पुरावा तिथेच राहतो. फ्लोची रन हिस्टरी (आधीच्या रनची नोंद) २८ दिवसांनी जाते, ऑडिटला तिचा काही उपयोग नाही.

अधिकारांचं म्हणाल तर जुन्यातली 'अॅप स्टेप', म्हणजे वर्कफ्लोला माणसाच्या नव्हे तर स्वतःच्या वाढीव अधिकाराने काम करू देणारी पायरी, इथे नाही. फ्लोतली शेअरपॉइंटची कामं ज्याच्या खात्याचं कनेक्शन जोडलंय त्याच्या अधिकाराने होतात. स्वतःचं खातं जोडू नका. उद्या तुम्ही नोकरी सोडलीत की मंजुऱ्या ठप्प. आयटीकडून वेगळं सर्व्हिस खातं (कुणा एका माणसाचं नसलेलं) मागून घ्या आणि त्याला साइटचं मालक करा. मग प्रत्येक टप्प्यावर आधी 'स्टॉप शेअरिंग' (आधीचे हक्क काढणं), नंतर 'ग्रँट अॅक्सेस' (नवे हक्क देणं): ज्याची पाळी त्याला एडिट, मागणी करणाऱ्याला फक्त बघण्यापुरता. नुसता ग्रँट दिलात तर आधीच्यांचे हक्क तसेच राहतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आता वेळ. पॉवर ऑटोमेटचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिसऱ्या शिफ्टमध्ये रात्री दोनला टाकलेल्या मागणीच्या मेलवर आदल्या दिवसाची तारीख छापली जाते आणि अकाउंट्सवाले सकाळी फोन करतात. मेलच्या आधी 'कन्व्हर्ट टाइम झोन' टाका, आणि रोजच्या आठवणीच्या फ्लोलाही भारताची वेळ निवडून द्या.

चाचणी स्वतःच्या अॅडमिन खात्यावरून करू नका, त्याला सगळंच चालतं. शॉपफ्लोअरवरच्या एखाद्या सुपरवायझरला शेजारी बसवा, त्याच्या लॉगिनने मागणी टाकायला लावा आणि मग त्यालाच स्वतःच्या मागणीवर 'मंजूर' करून बघायला सांगा. जमलं तर स्टॉप शेअरिंगची पायरी पुन्हा तपासा.