पावसाळी भाजीपाला: विहिरीचं पाणी आणि कच्चं शेणखत

पाऊस सुरू झाला, विहिरी भरल्या, आता पाण्याची काळजी नाही असं समजू नका. पहिल्या जोरदार पावसात गोठ्यातली, उकिरड्यावरची घाण वाहत येते आणि कठडा नसलेल्या विहिरीत थेट उतरते. विहिरीभोवती चर काढून ते पाणी बाहेर वळवा. दोन-तीन मोठे पाऊस झाल्यावर पाण्याची तपासणी करा. बाटली प्रयोगशाळेचीच निर्जंतुक घ्या आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. अहवालात ई. कोलाय (माणसा-जनावरांच्या आतड्यातला जिवाणू) आढळला, तर त्या पाण्यात विष्ठा मिसळतेय हे नक्की. असं पाणी कोथिंबीर, पालक, काकडी यांच्यावर तुषारने उडवू नका. ठिबकने मुळाशी दिलं की धोका बराच कमी होतो. कारखान्याचं सांडपाणी मिसळत असेल तर मात्र ठिबकही कामाचं नाही, कारण कॅडमियमसारखे जड धातू मुळांवाटेच पालेभाजीत चढतात.

आता खत. शेणखत जुनं झालं म्हणजे कुजलं असं नाही, ही गफलत फार होते. ढिगाच्या आत 55 अंशांच्या वर उष्णता टिकली तरच रोगजंतू मरतात. उघड्या ढिगात ती 15 दिवस टिकायला हवी आणि तेवढ्यात किमान पाच वेळा ढीग पालटायला हवा, कारण बाहेरचा थर तापतच नाही. तापमापक नसेल तर लोखंडी पहार मधोमध खुपसून ठेवा. काही वेळाने काढल्यावर टोक हातात धरवत असेल, तर ढीग तापलेला नाही. कच्चं शेणखत घातलंच असेल, तर ते घातल्यापासून मुळा-गाजर, पालेभाजी अशा मातीला टेकणाऱ्या मालाची काढणी 120 दिवस करू नये, वेलावर उंच लटकणाऱ्या मालाची 90 दिवस. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांतली ही मुदत कुठेही पाळण्याजोगी आहे. पातळ शेणस्लरी पानांवर फवारणं तर टाळाच.

ढगाळ हवेत पालेभाजीला युरिया हात राखून द्या. ऊन कमी पडलं की पानांत नायट्रेट साठतं. तेच नायट्रेट झिरपून विहिरीत जातं, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट वाढतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर त्यात तान्ह्या बाळाचं दूध कालवू नका. ठिबकमधून खत सोडत असाल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारी झडप) बसवाच. वीज गेली की खताचं पाणी मागे विहिरीत ओढलं जातं.

काढलेली भाजी धुवायला मात्र पिण्यायोग्य पाणीच वापरा, आणि एकाच टाकीत दिवसभर बुचकळत राहू नका.