दत्तक सिद्ध करायचंय? दावा लावण्याआधीची तयारी

वारसाची नोंद लावायला गेल्यावर चुलत भावंडं हरकत घेतात, "हा दत्तक आहे कशावरून?" असं विचारतात, आणि माणूस दत्तकपत्राची नक्कल छातीशी धरून वकिलाकडे धावतो. कागद नोंदवलेला आहे, मग आता काळजी कसली, असं त्याला मनापासून वाटत असतं. मात्र कागदाने कोणी दत्तक होत नाही. जनक, म्हणजे जन्म देणाऱ्या, आईवडिलांनी मूल दिलं आणि दत्तक घेणाऱ्यांनी ते घेतलं, त्या वेळी दत्तक होतं. दत्तकपत्र ही त्या घटनेची नोंद आहे. म्हणून तयारी कागदापासून नको, त्या दिवसापासून सुरू करा.

आधी तारीख पक्की करा, कारण कोणता कायदा लागणार हे तारखेवर ठरतं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा 21 डिसेंबर 1956 पासून लागू झाला. त्याआधीचं दत्तक जुन्या हिंदू कायद्याने तपासलं जातं. जुन्या मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याच्या स्पष्ट परवानगीशिवायही दत्तक घेता येत असे, तेव्हा आजी-पणजीच्या काळातलं प्रकरण असेल तर हा मुद्दा सोडू नका. ऑगस्ट 2010 मध्ये आणखी एक मोठा बदल झाला. तोवर नवरा हयात असताना विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येत नव्हतं, काही अपवाद सोडले तर. आता नवऱ्याच्या संमतीने येतं. कुटुंब अनुसूचित जमातीचं असेल तर, केंद्र सरकारची तशी अधिसूचना नसल्यास, हा कायदा लागूच होत नाही. तिथे जमातीची रूढी मांडावी आणि सिद्ध करावी लागते. बौद्ध, जैन आणि शीख मात्र या कायद्यात येतात.

तारीख हातात आली की वयं मोजा. मुलाचा जन्मदाखला आणि दत्तकाची तारीख शेजारी ठेवा. पंधरा वर्षं पूर्ण झालेलं किंवा लग्न झालेलं मूल दत्तक घेता येत नाही, रूढी असेल तरच येतं. महाराष्ट्रात मोठ्या वयाचा दत्तक घ्यायची रूढी जुनी आहे आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली आहे. तरीही दाव्यात ती शब्दांत लिहा. जे कथनात नाही त्याचा पुरावा कोर्ट विचारात घेत नाही, आणि उशिरा केलेली दुरुस्ती समोरच्याला आयती संधी देते. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा घेतला असेल तर दोघांच्या वयात किमान 21 वर्षांचं अंतर हवं. मुलगा घेतला असेल तर त्या दिवशी दत्तक घेणाऱ्याचा मुलगा, मुलाचा मुलगा किंवा त्या नातवाचा मुलगा हयात नव्हता हे दाखवायचंय. आधीचा मुलगा वारलेला असेल तर त्याचा मृत्यूदाखला आजच काढून ठेवा. मुलगी घेतली असेल तर मुलगी किंवा मुलाची मुलगी हयात नव्हती, हे बघा.

आता संमती. माझ्या मते बहुतेक दावे इथेच ढासळतात. पुरुषाने दत्तक घेतलं असेल तर त्याच्या बायकोची संमती लागते. तिने संन्यास घेतला असेल, धर्म सोडला असेल किंवा कोर्टाने तिला मनोरुग्ण ठरवलं असेल, तरच सूट. वेगळी राहत होती, माहेरी होती, बोलणं बंद होतं, ही कारणं चालत नाहीत. समारंभाला ती नुसती हजर होती म्हणजे संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं. संमती लेखी असावी, नाहीतर तिने स्वखुशीने केलेल्या एखाद्या कृतीतून दिसावी. 2020 च्या निकालातही पत्नीची संमती आणि प्रत्यक्ष देणं-घेणं सिद्ध न झाल्याने दत्तक नाकारलं गेलं. तेव्हा दत्तकपत्रावर तिची सही किंवा अंगठा आहे का ते पाहा. नसेल तर तिने मूल ओटीत घेतलं का, त्या वेळी ती काय बोलली, हे पाहिलेला माणूस शोधा. फोटो असेल तर ती त्यात कुठे उभी आहे आणि मूल कोणाच्या मांडीवर आहे, हे नीट बघा. जनक आईची संमतीही तितकीच महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल विचारायचंच राहून जातं.

देण्या-घेण्याचा पुरावा म्हणजे त्या दिवसाचे डोळे. कोणी उचललं, कोणाच्या मांडीवर दिलं, घर कोणाचं होतं, भटजी कोण होते, गावातलं कोण जेवायला होतं. दत्तहोम, म्हणजे दत्तकाच्या वेळचा होम, झाला नसेल तर घाबरू नका, कायद्याने तो आवश्यक नाही. देणारा आजारी किंवा अंथरुणाला खिळलेला असेल तर त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने मूल हातात दिलेलं चालतं. निर्णय मात्र आईवडिलांचाच हवा. साक्षीदारांना शब्द पाठ करून देऊ नका. दोन म्हाताऱ्या माणसांना एखादा तपशील वेगळा आठवणं स्वाभाविक आहे, सगळ्यांनी एकच वाक्य बोलणं मात्र नाही.

मग कागद. दुय्यम निबंधक कार्यालयातून दत्तकपत्राची प्रमाणित नक्कल काढा आणि मूळ कोणाकडे आहे ते शोधा. नोंदणीकृत दत्तकपत्रावर देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या असतील तर 1956 च्या कायद्याच्या कलम 16 प्रमाणे दत्तक कायद्यानुसार झालं असं कोर्ट गृहीत धरतं, समोरच्याने ते खोडून काढेपर्यंत. या शेवटच्या शब्दांकडे दुर्लक्ष करू नका. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत दत्तकपत्र असूनही संशयास्पद परिस्थितीमुळे दत्तक मान्य केलं नाही. एकाच पक्षाची सही असेल तर हे गृहीतक मिळतच नाही.

शाळेचा दाखला, रेशनकार्ड, मतदार यादी, लग्नपत्रिका, बँकेतलं नामनिर्देशन: या सगळ्यांत वडिलांचं नाव काय लागलंय ते तारखेच्या क्रमाने लावा. हे कागद आधार देतात, देणं-घेणं मात्र सिद्ध करत नाहीत. आणि विरुद्ध जाणारा कागद लपवू नका. दत्तकानंतरही शाळेत जनक वडिलांचंच नाव राहिलं असेल तर त्याचं खरं कारण सांगा, सरतपासणीतच, म्हणजे आपलाच वकील साक्ष घेतो तेव्हा. तोच कागद उलटतपासणीत बाहेर आला तर बाकीच्या पुराव्यावरचा विश्वासही उडतो. दत्तकाने मालमत्तेची वाट बदलते, म्हणून पुरावा संशयापलीकडचा हवा, ही अपेक्षा न्यायालयं 1959 पासून ठेवत आली आहेत.

मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला किंवा नाकारला, यावरून दत्तक वैध की अवैध हे ठरत नाही. ते ठरवायचं दिवाणी कोर्टाने. उलट बाजूने दत्तक झालंच नाही असं जाहीर करून मागायचं असेल तर दत्तकाची माहिती झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. म्हणून चुलत भावंडांना हे केव्हा कळलं होतं, याचे पुरावेही जमवा. जुनी पत्रं, त्यांच्या सहीची निमंत्रणपत्रिका, त्यांनीच मुलाला दत्तक म्हणून स्वीकारलेला वाटणीचा कागद.

यादीत शेवटी लिहिलेलं, पण सगळ्यात आधी करायचं काम: त्या दिवशी हजर असलेली सगळ्यात वयस्कर व्यक्ती शोधा. दावा दाखल होताच तिची साक्ष लवकर घेण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18 नियम 16 खाली अर्ज द्या. हिंडता-फिरता येत नसेल तर घरी जाऊन जबाब नोंदवण्यासाठी कोर्ट कमिशनरची मागणी करा. सोबत डॉक्टरचा दाखला लावा.