सोलापुरात बसून पर्माफ्रॉस्ट शिकायचं तर…

पारा ४३ ला टेकलेला, दुपारची वेळ, आणि मी घरी सांगितलं की मला गोठलेल्या मातीवर काम करायचंय. आजी म्हणाली, "आधी फॅनखाली बस की गं."

नवीन पोरं पहिल्यांदा हेच विचारतात की आर्क्टिकला जावं लागतं का. सुरुवातीला अजिबात नाही. पर्माफ्रॉस्ट म्हणजे किमान सलग दोन वर्षं शून्य डिग्री किंवा त्याखाली राहिलेली जमीन, उत्तरेकडच्या अशा भागात साधारण १,३०० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. थंडीमुळं तो नीट कुजलाच नाही, वितळलं की जंतू जेवायला बसतात, हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड, पाणी साचलं तर मिथेनपण.

हे मला कळलं ते आपल्या काळ्या मातीवरून. उन्हाळ्यात भेगा पडलेली ढेकळं आणली, बरणीत घालून पाणी शिंपडलं, तर पहिल्या एक-दोन दिवसांत कार्बन डायऑक्साइडचा आकडा एकदम वर आणि मग हळूहळू खाली. गोठलेली माती वितळतानाही बऱ्याचदा असाच झटका दिसतो, म्हणून रीडिंग आठवड्यातून एकदा घ्यायचा आळस करू नका, पहिले दिवस रोज घ्या.

नायट्रोजनकडं मात्र सगळे दुर्लक्ष करतात, मीपण केलं. वितळल्यावर अमोनियम, म्हणजे नायट्रोजनचंच एक रूप, सुटतं, झाडांनी उचललं तर ठीक, पण त्याचं नायट्रेट होऊन पुढं नायट्रस ऑक्साइड निघाला तर १०० वर्षांच्या हिशोबानं तो वायू उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट भारी. मातीतलं अमोनियम काढायला मी पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात माती हलवून गाळली, अमोनियम भरपूर आलं, खूश होऊन गाइडना दाखवलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "ब्लँक कुठंय?" माती न घालता तेच द्रावण गाळलं तर त्यातही अमोनियम! फिल्टर पेपरमधूनच येत होतं. दोन महिन्यांचे आकडे पाण्यात. आता पेपर आधी त्याच द्रावणानं धुऊन घेते आणि प्रत्येक बॅचला तीन ब्लँक लावते.

पुढं ध्रुवीय काम करायचंच असेल तर गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं आपलं हिमाद्री स्टेशन २००८ पासून आहे. तोवर बरण्यांची रबरी बुचं जास्तीची आणून ठेवा, आतल्या हवेचा नमुना घ्यायला सुई टोचून टोचून ती गळायला लागतात, आकडा कमी येतो आणि आपल्याला वाटतं जंतू दमले.