पाटील नापास, अमर पास: रविवारी येण्याआधीची तयारी

रविवारी सकाळी दहाला राजारामपुरीत आमच्या वरच्या खोलीत आपण सातआठजण पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीच्या (भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडच्या) डॉक्सवर, म्हणजे माहितीच्या पानांवर, दुरुस्त्या करायला बसणार आहोत. मागच्या खेपेला अर्धा दिवस क्लोन (सोर्सची पूर्ण प्रत) उतरवण्यात गेला आणि उरलेला मिसळीत. म्हणून या वेळी काय काय करून यायचं ते आधीच लिहून ठेवतोय. लांबलंय, पण घरून वाचून या.

सगळ्यात आधी, लॅपटॉपच्याही आधी, एक अडलेली जागा घेऊन या. म्हणजे असं एखादं फंक्शन, ज्याचं पान वाचूनसुद्धा तुम्ही फसलात. ‘चला, डॉक्स सुधारू’ म्हणून नुसती पानं चाळत बसलं की माणूस स्वल्पविराम वेचायला लागतो. त्यानं कुणाचं वाईट होत नाही, पण त्यासाठी रविवार घालवायचं कारण नाही.

माझी जागा सांगतो. एका दूध संस्थेच्या सभासदांची यादी तपासायला मी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. आडनावाच्या रकान्यात आकडे, टिंबं, कंस घुसू नयेत म्हणून इजअल्फा लावलं, म्हणजे सगळी चिन्हं अक्षरंच आहेत का ते तपासणारं फंक्शन. नावाच्या रकान्यात अमर पास झाला, कमल पास झाली. आडनावाच्या रकान्यात पाटील एकजात नापास. आपल्याकडच्या यादीतून पाटील वगळले तर उरतं काय? दोन तास मी फाइलचं एन्कोडिंग तपासत बसलो. शेवटी डॉक्स उघडले, तर कारण तिथं लिहिलेलंच होतं: युनिकोडमधले (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीतले) ‘लेटर’चे पाच वर्ग, एलएम, एलटी, एलयू, एलएल आणि एलओ, यांतलंच प्रत्येक चिन्ह असेल तर उत्तर ट्रू. आपली मूळ अक्षरं एलओमध्ये बसतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार मात्र ‘मार्क’ नावाच्या दुसऱ्या घरात, आणि पाय मोडायचं चिन्हही तिथंच. ‘अमर’ला यातलं काहीच लागत नाही, ‘पाटील’ला काना आणि वेलांटी दोन्ही. पानावरचं वाक्य खरं होतं, पुरतं होतं, आणि मला त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

अशा ठेचा फक्त इंग्रजीत काम करणाऱ्याला आयुष्यभर लागत नाहीत, म्हणून त्या पानांवर उमटतही नाहीत. आपल्याला मात्र पावलोपावली. ‘कोल्हापूर’ची लांबी लेन या फंक्शनला विचारा, ९ म्हणेल, वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात. रेग्युलर एक्सप्रेशनमधलं (मजकुरात साचा शोधायच्या भाषेतलं) बॅकस्लॅश-डब्ल्यू, म्हणजे ‘शब्दातलं कुठलंही चिन्ह’, हे इजअल्नमच्या (अक्षर किंवा आकडा आहे का ते तपासणाऱ्या फंक्शनच्या) व्याख्येवर उभं असल्यामुळे त्याच ‘कोल्हापूर’चे क, ल, ह, प, र असे पाच तुकडे करून हातात देतं. ‘वऱ्हाड’मधला ऱ एका कोडपॉइंटचाही (युनिकोडमधल्या एका क्रमांकाचाही) असू शकतो आणि साधा र अधिक नुक्ता असा दोघांचाही; डोळ्याला एकच, बरोबरीच्या चिन्हाला दोन. युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझनं ते जुळतात, पण तिथवर जायचं कसं हे ठेच लागल्याशिवाय कळत नाही. उलट इंट या फंक्शनला देवनागरी ‘१२३’ दिलं तर बिनतक्रार १२३ हा पूर्णांक मिळतो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीच दचकलो होतो.

तर जागा आणताना वहीत चार ओळी लिहून आणा: मला काय वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, पानावरच्या कुठल्या वाक्यापाशी अडलो, आणि पायथनची आवृत्ती कुठली. तिसरी ओळ लिहिता आली नाही, तर बहुतेक पान न वाचताच कोड चालवलेला असतो. त्यात लाज नाही, पण मग आधी पान वाचा.

पान वाचताना वरच्या कोपऱ्यातला आवृत्तीचा आकडा बघा. सर्चमधून येणारा माणूस कित्येकदा जुन्या ३.८ वगैरेच्या पानावर उतरतो आणि तिथली चूक धरून बसतो. आपल्याला बघायचं असतं मुख्य ब्रँचवरचं, अजून प्रसिद्ध न झालेल्या आवृत्तीचं पान. तुम्ही जे सुचवणार ते तिथं आधीच कुणीतरी घातलेलं असू शकतं. मग गिटहबवर (पायथनचा कोड जिथं असतो त्या साइटवर) इश्यू, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी-सूचना, शोधा. २०२२च्या एप्रिलपासून सगळे इश्यू तिथंच आहेत, जुन्या ट्रॅकरवरचेही. बंद झालेले जास्त नीट वाचा: कुणीतरी हेच सुचवलेलं असतं आणि का नको याची कारणं खाली दिलेली असतात. ती न वाचता तेच पुन्हा मांडणं म्हणजे भावकीच्या मिटलेल्या वादात नव्यानं तोंड घालणं.

चांगली दुरुस्ती कशी दिसते ते बघायचं असेल तर एलस्ट्रिपचं पान उघडा. त्याला दिलेली अक्षरं हा उपसर्ग नसतो, तो नुसता अक्षरांचा ढीग असतो. त्यातलं कुठलंही अक्षर डावीकडून सापडत जाईल तोवर ते कापत सुटतं. ‘कागल_कापशी’मधून ‘कागल_’ काढायला जा, हातात ‘पशी’ येतं, कारण कापशीचा क आणि कानासुद्धा त्या ढिगात आहेत. पायथन ३.९मध्ये, म्हणजे २०२०मध्ये, रिमूव्हप्रीफिक्स आलं, ते दिलेला उपसर्ग अख्खा असेल तरच काढतं, आणि आता एलस्ट्रिपच्या पानावर दोघांचं उदाहरण शेजारी शेजारी आहे: एकाच वाक्याचं एकात काय होतं, दुसऱ्यात काय. दोनचार ओळींचं काम आहे. व्याख्येला धक्का नाही, लांबण नाही, आणि फसलेल्या माणसाला आपली फसगत तिथं जशीच्या तशी दिसते. रविवारी आपल्याला एवढंच साधायचंय.

आता संदर्भ-पान म्हणजे काय याबद्दल थोडं, कारण मागच्या वेळी दोघांनी सुंदर लेख लिहून आणले होते आणि दोन्ही तिथं बसले नसते. पायथनच्या डॉक्समध्ये शिकवणी वेगळी, ‘हे कसं करायचं’ वेगळं आणि लायब्ररीचा संदर्भ वेगळा. संदर्भ हा सातबारा असतो. त्यात जमीन कुणाची, किती, कुठलं पीक, एवढंच. आजोबांनी ती कशी मिळवली ही गोष्ट कितीही रंगतदार असली तरी उताऱ्यावर येत नाही. आणि दुसरी बाजू अशी की उताऱ्यावर आलेला शब्द अंगाशी येतो. डिक्शनरीतल्या नोंदी घातल्या त्याच क्रमानं राहतात, हे पायथन ३.६मध्ये घडत होतं, पण ती सीपायथनची (आपण सगळे वापरतो त्या मूळ पायथनची) आतली बाब म्हणून, ३.७पासून ते भाषेचं वचन झालं. कोड दोन्हीकडे सारखाच वागायचा, पण त्यावर विसंबायचं की नाही ते कागदावरच्या शब्दानं ठरलं.

म्हणून ‘मी चालवून बघितलं, असंच होतं’ एवढ्यावर वाक्य लिहू नका. लिब फोल्डरमध्ये त्या मॉड्यूलचा सोर्स वाचा आणि त्याच्याच आतल्या टेस्ट फोल्डरमध्ये ती वागणूक तपासली जाते का बघा. टेस्ट असेल तर लिहायला आधार आहे. नसेल तर ते आज योगायोगानं घडत असेल. तेव्हा दुरुस्ती न पाठवता आधी इश्यूत प्रश्न विचारायचा. ही पायरी कंटाळवाणी आहे. तरीही आधी घरी करून या, कारण खोलीत गप्पा सुरू झाल्या की सोर्स कुणी वाचत नाही.

मशीनची तयारी. पायथन कंपाइल करायची गरज नाही, हे ऐकून निम्म्या लोकांना सुटल्यासारखं वाटेल. सीपायथनचा फोर्क (गिटहबवर आपल्या नावाची प्रत) करा आणि घरच्या वायफायवर क्लोन उतरवून आणा. इतिहास नको असेल तर डेप्थ एक पुरे. डॉक फोल्डरमध्ये जाऊन टर्मिनलवर आधी मेक व्हेन्व्ह, मग मेक एचटीएमएल ही आज्ञा द्या. विंडोजवाल्यांना तिथंच मेक डॉट बॅट ठेवलेली आहे. पहिल्यांदा पानं बांधायला वेळ लागतो, तेवढा चहा शनिवारी घरीच होऊ द्या. मजकूर रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट नावाच्या खुणांच्या लिखाणात असतो आणि त्याची पानं स्फिंक्स हा प्रोग्राम बांधतो. हा स्फिंक्स पायथनच्या डॉक्ससाठीच जन्माला आला. त्याआधी ही सगळी पानं लाटेकमध्ये लिहिली जायची. मार्कडाउनची सवय असेल तर एक सांगतो: कोडसाठी इथं बॅकटिक (` ही खूण) दोन लागतात, एक नाही. मागच्या वेळी निम्म्या चुका याच होत्या. पाठवण्याआधी मेक चेक चालवलं की स्फिंक्स-लिंट अशा बऱ्याच गोष्टी पकडून देतो.

गिटमधला (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममधला) ईमेल तपासा. कॉलेजच्या लॅबमधल्या किंवा ऑफिसच्या मशीनवर भलताच कुणाचा तरी पत्ता भरलेला असतो. पहिल्या पुल रिक्वेस्टवर (‘माझा बदल आत घ्या’ या विनंतीवर) बॉट योगदान करारावर सही मागतो, तो कमिटवरचा (नोंदवलेल्या बदलावरचा) ईमेल बघतो, आणि पत्ता जुळला नाही की गाडी तिथंच अडकते. करार वाचा आणि मग सही करा. नोकरीत असाल तर कंपनीची हरकत नाही ना, हे शुक्रवारपर्यंत विचारून घ्या.

इंग्रजीची धास्ती घेऊन येऊ नका. संदर्भातलं वाक्य जितकं आखूड तितकं बरं, आणि आखूड वाक्य आपल्याला येतं. तिथल्या लेखन-नियमांत दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत: जास्त मजकूर म्हणजे चांगला मजकूर नव्हे, आणि सूर होकारार्थी ठेवा. फंक्शन काय करतं ते सांगायचं, काय काय बिघडू शकतं याच्या लाल चौकटी रचायच्या नाहीत. आपल्याला ‘सावधान’ लिहायची भारी हौस, ती आवरा. देवनागरी उदाहरण द्यायचं तर एकच छोटा शब्द घ्या, आणि लिपी न वाचणाऱ्या परीक्षकासाठी (आपला बदल तपासणाऱ्यासाठी) कुठलं चिन्ह मार्क आहे ते पुल रिक्वेस्टच्या वर्णनात एका ओळीत सांगा. चॅटबॉटकडून परिच्छेद लिहून आणू नका. तो वाचायला गुळगुळीत असतो आणि त्यातला एखादा दावा सोर्सशी जुळत नाही. मग तो दावा शोधण्यात परीक्षकाचा वेळ जातो, आपला नाही.

एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट. नुसती टायपोची दुरुस्ती असेल तर इश्यू उघडावा लागत नाही. अर्थ बदलत असेल तर उघडा आणि त्याचा क्रमांक शीर्षकात द्या. परीक्षकानं बदल सुचवला तर नवा कमिट जोडा, फोर्स-पुश करू नका, म्हणजे आधीचे कमिट पुसून त्यावर नवे लादू नका. शेवटी सगळे कमिट एकत्र करूनच आत घेतात. आणि उत्तर सोमवारी येईल ही आशा सोडा. आठवडे जातात. फेरफार तलाठ्यानं लिहिला तरी मंडल अधिकाऱ्याची सही होईपर्यंत तो कच्चाच असतो, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

बाकी, खोलीत प्लग तीनच आहेत, तेव्हा निदान दोघांनी एक्स्टेन्शन बोर्ड आणा. गाडी खाली दुकानांच्या दारात लावू नका, मागच्या वेळी मला दोनदा खाली जावं लागलं. बारा वाजता मिसळ, पण ज्याचं पान तोवर मशीनवर बांधून झालं असेल त्यालाच दुसरा कट. इजअल्फाचं मी घेतलंय. मुख्य ब्रँचवरचं आजचं पान बघून ठरवीन उदाहरण लागतंय का ते. तुम्ही पाटील सोडून दुसरं काहीतरी आणा.