जेजुरीच्या खंडोबाची तळी: साहित्य, क्रम आणि त्यामागची कथा

जेजुरीला जाऊन नुसतं दर्शन घेतलं की यात्रा झाली, असं खंडोबा कुलदैवत असलेल्या घरांत मानत नाहीत. तळी भरल्याशिवाय, म्हणजे ताम्हणात पानं, सुपाऱ्या, खोबरं आणि भंडारा (हळदीची पूड) ठेवून ते सगळ्यांनी मिळून ‘येळकोट’च्या गजरात उचलल्याशिवाय, कुलाचार पुरा होत नाही. लग्नानंतर, बाळाच्या जावळाला, चंपाषष्ठीला, सोमवती अमावास्येला किंवा साध्या रविवारीही तळी भरतात. आता घरातली कर्ती माणसं शहरात पांगली, त्यामुळे ऐन वेळी कुणालाच काही नीट आठवत नाही. त्यासाठी हा क्रम.

आधी कथा, कारण तळीतला घोष तिच्यातूनच आला आहे. मणी आणि मल्ल या दैत्यांनी ऋषींना छळलं, तेव्हा शंकराने मार्तंड भैरवाचं, म्हणजेच खंडोबाचं रूप घेतलं आणि सात कोटी सैन्य घेऊन त्यांच्याशी लढाई केली. कानडीत ‘येळु’ म्हणजे सात, त्यावरून ‘येळकोट’. हरलेला मणी शरण आला आणि देवाजवळ राहिला. मल्लाचं शिर मात्र देवळाच्या पायरीशी आलं, भक्तांच्या पायाखाली. मल्लाचा अरी म्हणून देवाचं नाव मल्हारी. म्हणजे तळी उचलताना आपण जो गजर करतो, तो त्या विजयाचाच.

साहित्य. पितळेचं किंवा तांब्याचं ताम्हण काठ असलेलं आणि फूटभर तरी रुंद हवं. त्याहून लहान घेतलं की पाच जणांची बोटं एकमेकांवर चढतात, कुणालाच पकड मिळत नाही आणि तळी कलंडते. बहुतेक वेळा चूक होते ती इथेच. विड्याची पाच पानं (देठासकट, न फाटलेली), पाच सुपाऱ्या, पाच खारका, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, एक नाणं आणि भंडारा. काही घरांत मधोमध पाण्याचा कलश, त्यावर पानं आणि नारळ ठेवतात. शिवाय दिवटी (हातात धरायची छोटी मशाल) आणि तिच्यात तेल घालायला बुधली. खाली अंथरायला घोंगडी.

खोबरं घेताना वाटीची आतली बाजू वास घेऊन बघा. खवट असेल तर घेऊ नका, कारण हेच खोबरं प्रसाद म्हणून वाटायचं असतं. गडावर भंडाऱ्याबरोबर उधळायचं खोबरं मात्र बारीक तुकडे करूनच न्या. अख्खी वाटी डोक्यात बसली तर जखम होते.

भंडारा म्हणजे हळदीची पूड, पिवळी भुकटी नव्हे. रंग मिसळलेला भंडारा डोळ्यांत गेला की आग होते आणि अंगावर पुरळ उठतो. ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकून न ढवळता बघा. चांगली हळद तळाशी बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं; रंगाची भेसळ असेल तर सगळं पाणी गडद पिवळं होतं. घरच्या तळीला शंभर ग्रॅम पुरतो, गडावर उधळायला पावशेर न्या.

क्रम. देवघरातले टाक (देवाची प्रतिमा उठवलेले धातूचे पत्रे) धुऊन पुसून पाटावर मांडा. समोर घोंगडीची घडी, तिच्यावर भंडाऱ्याची चिमूट. ताम्हणात पानं देठ देवाकडे करून ठेवा, प्रत्येकावर सुपारी, खारीक आणि खोबरं, मध्ये नाणं आणि भंडारा. भंडाऱ्याचा ढीग करू नका. पहिल्याच झोक्याला तो बाजूच्याच्या बाहीत जातो.

दिवटी पेटवून देवाच्या उजव्या हाताला धरा. तीन, पाच किंवा सात जण ताम्हणाभोवती बसा, डोक्यावर टोपी किंवा रुमाल हवा. सगळ्यांनी काठाला खालून हात घालायचा. एकाने सुरुवात करायची: ‘हर हर महादेव, चिंतामणी मोरया, आनंदीचा उदे उदे, भैरोबाचं चांगभलं, सदानंदाचा...’ आणि ‘येळकोट!’ म्हणताना ताम्हण सगळ्यांनी मिळून कपाळापर्यंत उचलायचं, मग घोंगडीवर टेकवायचं. असं तीनदा. सुरुवात करणाऱ्याने ‘सदानंदाचा’ या शब्दाला किंचित थांबावं. तो क्षण चुकला की कुणी आधी उचलतं, कुणी मागे राहतं आणि कलशातलं पाणी सांडतं.

तिसऱ्या वेळी तळी टेकवली की देवाला भंडारा वाहायचा, मग एकमेकांच्या कपाळी लावायचा आणि खोबरं वाटायचं. शेवटी दिवटी फुंकून विझवत नाहीत, दुधाने शांत करतात. भंडारा उधळायचा असेल तर दिवटीपासून लांब जाऊनच. हवेत उडालेली बारीक पूड ज्योतीवर आली की क्षणात भडका उडतो.

पुरुषांनीच तळी उचलायची, अशी बऱ्याच घरांची रीत आहे. घरात तेवढे पुरुष नसतील तर मात्र कुलाचार बंद पाडण्यापेक्षा बायकांनी उचललेली बरी.

गडावर. पायऱ्या पावणेचारशेच्या वर आहेत. निम्म्या वाटेवर बानाईचं देऊळ लागतं. म्हाळसा आणि बानाई या खंडोबाच्या दोन बायका; म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक, बानाई धनगराची, आणि दोघींची भांडणं वाघ्या-मुरळी (खंडोबाला वाहिलेले भक्त) जागरणात अजूनही रंगवून गातात. नवरा-नवरी आली असतील तर नवऱ्याने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायची रीत आहे. ती चढाच्या सुरुवातीलाच करा. दमल्यावर आणि सांडलेल्या भंडाऱ्याने निसरड्या झालेल्या दगडावर हा प्रकार धोक्याचा आहे. वर देवळासमोर पितळी पत्र्याने मढवलेलं भलंमोठं कासव आहे. तळी भरतात ती तिथेच. घरचे टाक नेले असतील तर आधी देवाला भेटवा, मग तळी. गर्दी नको असेल तर सोमवती टाळा, कारण त्या दिवशी पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला निघते आणि गडावर पाय ठेवायला जागा नसते. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी जवळच्या डोंगरावरचं कडेपठारही करावं, मूळ ठाणं तेच.

चंपाषष्ठीला घरी तळी असेल तर नैवेद्याला वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि पातीचा कांदा. ज्या घरांत चातुर्मासात कांदा-वांगं बंद असतं, तिथे ते याच दिवशी सुटतं. कुत्र्याचा घास आधी बाजूला काढा.

कपड्यांवरचा भंडारा आधी कोरडाच झटका. साबण लागला की डाग लाल होतो. घाबरू नका, धुऊन कपडा दोन दिवस कडक उन्हात टाका, उतरतो.